उजव्या हाताची फळी

रेडिओच्या पट्टीवरची लाल सुई सांगलीच्या खुणेवर नव्हती. खुणेच्या उजवीकडे, सुमारे दोन मिलीमीटर, जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी ती थांबली होती, आणि खोलीभर नुसती खरखर होती. प्रयागने दारात चपला काढल्या, नवी पेठेतून आणलेलं मांजरपाटाचं पुडकं कोनाड्यात ठेवलं आणि ती त्या सुईकडे पाहत उभी राहिली. सकाळी निघताना तिने स्वतः सांगली लावून दिली होती. सुई आपोआप सरकत नाही. बॅटरी उतरली तर आवाज खाली जातो, सुई जागेवर राहते. एप्रिलच्या उन्हात प्लास्टिक फुगतं हे खरं, पण इतकं नाही. खाटेवर कुंडलिक डोळे मिटून पडला होता. दोन्ही हात अंगालगत, तिने ठेवले होते तसेच. उजव्या हाताखाली फळी, आणि फळीवर मनगट, तळवा, बोटं सपाट बांधलेली. तो झोपलेला नव्हता. झोपेत त्याचा खालचा ओठ सुटतो आणि चेहरा एकदम वळसंगच्या शाळेतल्या पोराचा होतो. आत्ता ओठ आवळलेला होता.

"आलीस व्हय, अक्का?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"आले."

"ऊन लई असंल."

"आहे."

खाटेवर त्याच्या उजव्या हाताशीच ठेवलेल्या रेडिओचं चाक फिरवून तिने सुई परत सांगलीवर आणली. कुणीतरी बाई खतांच्या मात्रेविषयी बोलत होती. प्रयागने खिडकीच्या गोणपाटावर पाणी मारलं, हात धुतले, आणि बाहेरून आल्यावर ती नेहमी करते ते काम करायला खाटेशी बसली. उजव्या हाताची फळी सोडायची, कातडी बघायची, पुन्हा बांधायची. मनगटाच्या हाडावर लाल डाग पडलेला असतो. त्यावर बोट दाबायचं. डाग पांढरा होतो, आणि बोट उचललं की रंग परत भरतो. रंग भरला तर कातडी जिवंत. दाबूनही लालच राहिला तर आतून मरायला लागली. टाचा, माकडहाड, खांद्यांची पाती, सगळीकडे हेच. परीक्षानळीत रंग बदलायची वाट पाहावी तशी ती रोज या डागांवर वाट पाहत बसायची, आणि रंग परतला की तिला बारीक समाधान वाटायचं, ज्याचं पुढे काही करायचं नसायचं. आज तिने नाडीच्या टोकाला हात घातला आणि टोक ओढलं. नाडी सुटली नाही.

ती नेहमी सुरगाठ मारायची. दुसऱ्या हातात भांडं किंवा कापूस असताना एका हाताने सुटावी म्हणून. ही गाठ तिची नव्हती. लहान, चपटी, डोळे मिटून बोट फिरवलं तर जाणवू नये अशी. मागावर धागा तुटला की बायका दोन टोकं जोडून मारतात ती गाठ. या गल्लीत अशी गाठ शंभर बायकांना येत असेल, पण मागच्या दाराने या खोलीत येणारी त्यातली एकच: शेजारची शरणम्मा. गिरणीत सूत भरायच्या खात्यात तिची उमर गेली होती, आणि आता ती पापडाची पिशवी बांधो, नातवाचा करदोटा बांधो की तुळशीला काठी, तिच्या हातून दुसरी गाठ पडतच नसे. प्रयाग बाहेर जायची तेव्हा कुंडलिकला पाणी पाजायला तीच यायची. पण रेडिओला शरणम्मा हात लावत नसे. त्यात बॅटरी असते, झटका बसत नाही, हे तिला कितीदा सांगून झालं होतं. आणि लावलाच असता तर तिने कानडी ऐकायला धारवाड लावलं असतं. ज्याला ऐकायचं असतं तो माणूस सुई खरखरीवर सोडून देत नाही. ज्याला चाक हलवता येतं पण थांबवता येत नाही, त्याचीच सुई अशी मधे राहते.

प्रयागने नखाने गाठ सोडवली. वेळ लागला. कुंडलिक छताकडे पाहत होता. डाग दाबला, रंग परतला. तिने नवी नाडी घेतली आणि हात पुन्हा फळीवर सपाट बांधला.

बांधताना तिला दिवाळी आठवली. खरं म्हणजे ती रोजच आठवत होती, फक्त आज तिच्यासमोर आली. नरकचतुर्दशीला त्याच्या अंगाला तेल लावताना तिने फळी काढून बाजूला ठेवली होती. तेल कोपराकडे ओघळायला लागलं म्हणून असेल, त्याने मनगट वर उचललं. मनगट त्याला थोडं उचलता येतं हे इस्पितळातून घरी आणलं तेव्हापासून माहीत होतं. मनगटाची नस मानेतून जिथे निघते त्या जागेच्या जरा खाली मणका मोडला होता, म्हणून तेवढं उरलं होतं. पण त्या दिवशी मनगट वर गेलं आणि बोटं मिटली. तिच्या पदराचं टोक त्यांच्यात होतं; ते धरलं गेलं. मग त्याचं मनगट तिने खाली केलं. बोटं उघडली, पदर सुटला. वर केलं, मिटली. पहिल्या क्षणी तिला वाटलं, नस जागी झाली. दुसऱ्या क्षणी तिला कळलं की तसं काही नाही. बोटांतून निघालेल्या शिरा मनगटावरून जातात. दोरीची लांबी तेवढीच. मनगट मागे वाकलं की दोरी ताणली जाते आणि बोटं ओढली जातात. विहिरीच्या रहाटासारखं साधं. बोटांना काही कळत नव्हतं, काही हलवतही नव्हतं, पण धरलं जात होतं. इस्पितळातल्या नर्सने निघताना सांगितलं होतं, बोटं सरळ राहिली पाहिजेत, म्हणून तिने कॉलेजातून आणलेल्या खोक्याची फळी तासून, कापूस लावून, त्यावर हा हात बांधायला सुरुवात केली होती. म्हणजे इतकी वर्षं ती रोज सकाळी त्याची मूठ बांधून ठेवत होती, आणि तोवर ते तिला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून माहीत होतं. कुंडलिकला बोटांत जाणीव नाही आणि तो छताकडे पाहत होता, तेव्हा त्याला कळलं नसणार असं तिने ठरवलं. अंघोळ झाल्यावर तिने त्याला कोरडं केलं, फराळाचं भरवलं, आणि फळी पुन्हा बांधली.

का बांधली, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं असं नाही. गाळणकागदावर साका उरतो तसा उत्तराचा पहिला थर ताबडतोब उरला होता: बोर्ड, म्हणजे पेन्शनीसाठीची डॉक्टरी तपासणी. बांगलादेशची लढाई संपल्यावर, म्हणजे गोळीबार थांबून सगळे घरी पत्रं लिहायला लागले तेव्हा, कुंडलिक ज्या ट्रकच्या मागे झोपला होता तो ट्रक पुलावरून उलटला. पेन्शन बसली. आई तेव्हा होती, नागूबाई. तिने त्याला वर्षभर उचललं, वळवलं, धुतलं आणि एका पहाटे चुलीपुढेच बसल्या जागी गेली. मग प्रयागने कॉलेजातली नोकरी सोडली. रसायनाच्या प्रयोगशाळेत ती डेमॉन्स्ट्रेटर होती. वळसंगहून येऊन बी.एस्सी. झालेली, त्यांच्या भावकीतली पहिलीच बाई. रजा घ्यावी असं ठरलं होतं, रजा वाढली, शेवटी राजीनामा झाला. त्याच सुमारास सैनिकांच्या ऑफिसातले रावसाहेब घरी आले. स्वतः निवृत्त हवालदार, एक पाय जरा ओढत चालणारे. त्यांनी सांगितलं, पेन्शनीला जोडून अजून एक भत्ता असतो, ज्याला चोवीस तास माणूस लागतो त्याच्यासाठी. डॉक्टरने तसं लिहून दिलं पाहिजे, आणि दर थोड्या वर्षांनी पुन्हा बघून पुन्हा लिहिलं पाहिजे. पहिल्या वेळी पुण्याहून आलेल्या डॉक्टरने विचारलं होतं, तोंडापर्यंत काही नेता येतं? रावसाहेब म्हणाले होते, न्हाय साहेब. कूस बदलता येते? न्हाय. मदतनीस कोण? रावसाहेब म्हणाले, भैन हाय की, घरचीच. डॉक्टर म्हणाला, म्हणजे आहे; ठीक. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिचं नाव कुठे लागलं नाही. लागायचं कारण नव्हतं. भत्ता कुंडलिकच्या नावाने होता, त्याच्या अंगठ्याने मिळत होता, आणि त्यावर घर चालत होतं. त्या एका "न्हाय"वर चालत होतं. हात मेलेला असेल तर घर चालेल, हात जिवंत असेल तर चालणार नाही, आणि तिने पदरात पाहिलेला हात या दोन्हींतला नव्हता. त्याच्यासाठी शब्द नव्हता.

पण त्या थराखाली दुसरा थर होता, आणि तो ती ढवळत नसे. त्याला पेला धरता आला, रेडिओ लावता आला, पुस्तकाचं पान उलटता आलं, तर दुपारच्या वेळी या खोलीत तिचं काय काम होतं? गल्लीतले माग खडखडत असायचे, गिरणीचा भोंगा व्हायचा, ती त्याला भरवायची, भाकरी पालेभाजीच्या रश्शात चुरून, त्यावर शेंगाची चटणी, आणि तो प्रत्येक घासाला तोंड उघडायचा. त्या उघड्या तोंडाकडे पाहताना तिला कधी माया वाटायची, कधी शिसारी, बहुतेक वेळा काहीच वाटायचं नाही, आणि त्या काहीच न वाटण्यात एक विसावा होता. प्रयोगशाळेत तिला नेहमी चुकायची भीती असायची. इथे चुकायला काही उरलं नव्हतं. कुणी तिला विचारलं, तू काय करतेस, तर तिच्याकडे असं उत्तर होतं की ऐकणारा मान खाली घालायचा. हे उत्तर काढून घेतलं तर तिच्या वयाच्या, लग्न राहून गेलेल्या बाईकडे दुसरं काय होतं?

आज सकाळीच नवी पेठेत कापडाच्या दुकानात बिडकर मॅडम भेटल्या होत्या. रसायनाच्या विभागप्रमुख, डोळ्यांवर तोच जाड चष्मा, पदराला तोच आम्लाने पडलेल्या भोकांचा नक्षीदार कोपरा. बाहेर पडल्यावर शेजारच्या सराफाच्या दुकानापुढच्या गर्दीत त्यांनी तिचं कोपर धरून तिला बाजूला घेतलं. "जूनमध्ये जागा भरायची आहे, प्रयाग. मुलींच्या तुकड्या वाढल्यात. मला तूच हवीस. नवीन पोरांना ब्युरेट धरता येत नाही गं, नळासारखी सोडतात." ती हसली होती. "कळवते, मॅडम." "हे तू गेल्या वर्षीही म्हणालीस." "या वेळी नक्की कळवते." "त्याच्यापण मागच्या वर्षी हेच." मॅडम चिडल्या नव्हत्या. त्यांनी तिचा उजवा हात उलटा करून पाहिला, जणू काही हात अजून चालतो का ते बघतायत, आणि सोडून दिला. घरी येताना रिक्षात तिच्या अंगठ्याला आणि तर्जनीला ब्युरेटच्या तोटीची आठवण होत होती: शेवटच्या थेंबाआधी ती जितकी हळू फिरवायची तितकी. थेंब पडतो, गुलाबी होतं, हलवलं की जातं. अजून एक. मग जो गुलाबी राहतो, तिथे थांबायचं. तिला थांबता यायचं. सबंध विभागात तिच्याइतकं नेमकं कुणाला थांबता येत नसे.

उन्हं उतरल्यावर रावसाहेब आले. उद्या बोर्ड. डॉक्टर सकाळीच घरी यायचा होता, कारण कुंडलिकला कुठे नेणं म्हणजे आठवडाभराचं दुखणं विकत आणणं. रावसाहेब खाटेजवळच्या स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काय जवान, तयारी हाय का?"

"पडून ऱ्हायाचीच तयारी न्हवं? लई प्रॅक्टिस झाली, हवालदारसाहेब."

"थट्टा न्हाय. माळशिरसकडचा एक गडी, असाच मानेचा. डॉक्टर बघत हुता, आन् ह्याच्या नाकावर माशी बसली. ह्यानं हात उचलून हाकलली. झालं. भत्ता गेला माशीबरोबर."

कुंडलिक हसला. हसताना त्याचं फक्त डोकं हलायचं. "मग उद्या माशीला बी समज द्या."

"तू नुसता पडून ऱ्हा, नवरदेवासारखा. बाकी ताई बोलतील." त्यांनी प्रयागकडे पाहिलं. "ताई, येकच ध्यानात ठिवा. इचारलं की हाताचं काय, तर म्हनायचं, न्हाय. फोड करायची न्हाय. तुमी शिकल्याली मानसं फोड करता आन् घोटाळा हुतो." मग आवाज खाली करून, जणू कुंडलिक खाटेवर नाहीच, ते म्हणाले, "मलाबी ठावं हाय, ताई, कागदावर मानूस अर्धा ऱ्हात न्हाय. येक तर सगळा, न्हायतर काय बी न्हाय. आमी काय करावं?"

ती चहा करायला आत गेली. चहा उकळताना तिला वाटलं, यांना माहीत आहे का? की प्रत्येक घरात जाऊन हे हेच सांगतात? परत आली तेव्हा रावसाहेब फळीकडे पाहत होते. "चांगली बांधताय," ते म्हणाले. एवढंच.

ते गेल्यावर ती मागच्या चौकात नळावर गेली. शरणम्मा तिथे घागर घासत होती. पाठ वाकलेली, हात मात्र अजून गिरणीच्या वेगाने फिरणारे. प्रयागने बादली लावली आणि पाणी पडू लागल्यावर, म्हणजे आवाजात बोलणं दडेल एवढं पडू लागल्यावर, विचारलं, "मावशी, फळी तुम्ही सोडता ना?"

शरणम्माने मान वर केली. "अय्यो. त्यानं सांगितलं?"

"नाही. गाठीवरून."

"गाठ?" तिने स्वतःची बोटं समोर धरून पाहिली, दुसऱ्याच कुणाची असावीत तशी, आणि खुदकन हसली. "रोज नुसतं टोक खोचून ठेवते, आज घाईत बांधले. हाताला दुसरी येतच न्हाय बघ. गिरणी सोडली मला, हातानं गिरणी सोडली न्हाय."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासनं असंल. पाणी द्यायला गेले तर म्हणाला, मावशी, हे सोड. सोडलं. मनगट असं केला आन् पेला धरला की! रिकामा होता, पण धरला. मी भ्यालेच. मग रोज. एकदा विडी मागितला. तुला वास येईल म्हणून मी न्हाय दिले." ती घागर पालथी घालून त्यावर बसली. "मी म्हटलं, आरे, प्रयागला दाखव, तिला किती बरं वाटेल. तर न्हाय म्हणाला. रागावलाच माझ्यावर."

"का?"

"अक्काची नोकरी जाईल, म्हणाला."

"माझी नोकरी?"

"हीच की. सरकार तुला पैसे देतंय न्हवं, त्याचं बघायला? हात हालला की बंद. एक नोकरी माझ्यापायी गेली, म्हणाला, ही बी मीच घालवू व्हय?" शरणम्माने पदराने हात पुसले. "मी शपथ घेतले. सिद्धेश्वराची. आता तू गाठीवरून वळखलीस तर ते माझ्यावर न्हाय."

बादली भरून वाहत होती. प्रयागने नळ बंद केला नाही. तिला हसू आलं. तो दुपारी, ती बाहेर गेली की, फळी सोडवून घेत होता, पेला धरत होता, रेडिओचं चाक ढकलत होता, आणि ती यायच्या आधी पुन्हा बांधून घेत होता, तिच्यासाठी. ती रोज सकाळी बांधत होती, त्याच्यासाठी, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. एका खोलीत दोन माणसं, एकच हात, आणि दोघंही तो एकमेकांपासून लपवत होती. तिला वाटत आलं होतं की या खोलीत ती एकटी आहे. तो आहे, पण तो म्हणजे काम. तोही इतके दिवस एकटाच होता. त्याला कूस बदलायलाही तिचा हात लागायचा, आणि तिला काय वाटतं हे कळायला त्याच्याकडे छत सोडून काही नव्हतं. छताकडे पाहून त्याने जे ठरवलं, ते चुकीचं होतं आणि तिच्याबद्दल होतं. तिच्यासाठी तो म्हणजे एक नोकरी, असं त्याला वाटलं होतं. हे अगदीच खोटं आहे का, हे ती त्या नळापाशी उभी राहून तपासत राहिली. बाजूच्या कारखान्यात कुणीतरी माग थांबवला. एक माग थांबला की बाकीच्यांचा आवाज वेगळा काढता येतो, तसं काहीतरी तिला ऐकू आलं, पण नाव देता आलं नाही.

"पाणी चाललं गं," शरणम्मा म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने त्याला भरवलं, पाठीला पावडर लावली, कूस बदलून पाठीमागे उशी लावली. त्याचं तोंड भिंतीकडे झालं. ती त्याच्या मानेकडे पाहत बसली. तिथे केस आईसारखे कुरळे होते. कितीतरी दिवसांनी तिला त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारावीशी वाटली, कुंड्या, पण हाक मारल्यावर पुढे काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून तिने मारली नाही. तोही जागा होता. ओठ दिसत नव्हता, पण खांद्यावरून कळत होतं.

सकाळी तिने फळी बांधली. सवयीने, आणि दुसरं काय करावं हे न कळल्याने. सुरगाठ मारली. रावसाहेब डॉक्टरला घेऊन आले तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. डॉक्टर तरुण होता, मेजर, कोल्हापूरकडचा. खोलीत वाकून आला आणि गोणपाटाच्या ओल्या वासाने क्षणभर बरं वाटल्यासारखा थांबला. त्याने कुंडलिकशी नीट बोलून सुरुवात केली, कुठली पलटण, कुठे होतात. मग टाचणीने पायांना टोचून विचारत गेला. कुंडलिक प्रत्येक टोचणीला "न्हाय" म्हणत गेला, कंटाळलेल्या हजेरीसारखं. डॉक्टरने पाठीचे डाग पाहिले. "कातडी फार चांगली ठेवली आहे," तो म्हणाला, कुणाला ते न ठरवता. मग तो उजव्या बाजूला आला, फळीवर बोट टेकवलं.

"हाताचं काय?"

"हात मेल्यालाच हाय, साहेब," रावसाहेब म्हणाले.

"तोंडापर्यंत काही नेता येतं? धरता येतं?"

आता तिची पाळी होती. मागच्या वेळेसारखं रावसाहेब उत्तर देणार नव्हते, ते मुद्दाम तिच्याकडे पाहत होते. कुंडलिक छताकडे पाहत होता. त्याचा ओठ आवळलेला होता, आणि या वेळी तिला तो ओठ वाचता आला. तो म्हणत होता, न्हाय म्हण. तुझ्यासाठी म्हण. बाहेर माग चालू होते. एक थेंब, तिच्या मनात आलं. हा थेंब पडला की रंग राहील, तो परत काढता येणार नाही.

तिने वाकून नाडीचं टोक ओढलं. सुरगाठ एका हाताने सुटली. तिने फळी काढून जमिनीवर ठेवली आणि रेडिओ उचलून त्याच्या मनगटाशी टेकवला.

"सांगली लाव," ती म्हणाली.

"अक्का..."

"लाव."

तो तिच्याकडे पाहत राहिला. छताकडे नाही, तिच्याकडे. मग त्याचं मनगट वर आलं, बोटं मिटली, मुठीची कड चाकावर गेली आणि चाक फिरलं. गाणं आलं, गेलं, खरखर आली. सुई खुणेच्या पलीकडे जाऊन थांबली. रावसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"म्हणजे हात सुधारला आहे," डॉक्टर म्हणाला.

"नाही. नस सुधारलेली नाही. बोटांत जाणीव नाही, तुम्ही टोचून बघा. मनगट मागे गेलं की शिरा ताणतात आणि बोटं मिटतात, एवढंच. रिकामा पेला धरतो, भरलेला नाही. मी फळी बांधली नसती तर कदाचित जास्त धरता आलं असतं." तिचा आवाज तिला ओळखीचा वाटला, प्रयोगशाळेतल्या पहिल्या बाकापाशी उभं राहून बोलायचा तो. "कूस त्याला बदलता येत नाही. लघवी-संडास कळत नाही. माणूस लागतंच, सतत लागतं. आणि हात धरतो. दोन्ही लिहा."

"बाई, तिथे एका शब्दाची जागा असते. येतं किंवा येत नाही."

"मग समासात लिहा."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग त्या मिटलेल्या मुठीकडे. त्याने ती मूठ आपल्या हातात घेतली, मनगट खाली केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं. तिने दिवाळीला केलं होतं तसंच. "लिहितो," तो म्हणाला. "वरचे लोक काय ठरवतील ते मला सांगता येणार नाही. भत्ता बंद होऊ शकतो."

"माहीत आहे."

रेडिओ खरखरत होता. कुणी तो बंद केला नाही. कुंडलिकचं मनगट चाकावरून घसरून चादरीवर आलं आणि बोटं उघडली. त्याचा खालचा ओठ सुटला होता, जागेपणी, वळसंगच्या शाळेतल्यासारखा.

"अक्का," तो म्हणाला, "मग तुझी नोकरी?"

तिने सुई सांगलीवर आणली. नेमकी.

"माझी नोकरी कॉलेजात आहे, कुंड्या," ती म्हणाली. "जूनपासून मी जाणार आहे."